चाखणं म्हणजे खाणं नव्हे

सेरोवे गावात लग्न असो की मयत, सेस्वाच्या तीन पायांच्या बिडाच्या हंड्याशी ओलेबिले मुसळ घेऊन उभा असणार, हे ठरलेलं. सेस्वा म्हणजे गाईचं मांस, पाणी, मीठ आणि धीर. मऊ झालं की कुटायचं. त्यात आणखी काही घालणाऱ्याला गाव वाळीत टाकत नाही, फक्त त्याच्या शेजारी कोणी बसत नाही.

आणि आता दवाखान्यातल्या सिस्टर गाओने म्हणत होत्या, "काका, तुमचं प्रेशर आहे की गुरांचा भाव? उतरायचं नावच नाही. मीठ बंद, चरबी बंद. ताकदीला बिनचरबीचं काहीतरी शोधा."

शोधायचं काम बायकोने, सेतुन्याने, हाती घेतलं. वर अट घातली. "आपल्या पेलोनोमीच्या लग्नाआधी आकडा उतरला नाही, तर हंडा माझा भाऊ टिरो सांभाळेल."

ओलेबिलेला घाम फुटला. टिरो सेस्वात बाजारची मसाल्याची वडी टाकायचा. उघडपणे. लेकीच्या लग्नात वडी!

पहिल्यांदा अंगणातली कोंबडी झाली. जन्मभर धावलेली, चरबी औषधालाही नाही. सकाळी चुलीवर चढली, ती संध्याकाळपर्यंत मनाने जिवंतच होती. मग अळणी चवळी. मग ओलेबिलेलाच फाने सुचल्या, म्हणजे मोपानेच्या झाडावरच्या अळ्या. "पाल्याशिवाय काही खात नाहीत गं. चरबी येणार कुठून?" असं म्हणत त्याने वाळवलेल्या फान्यांचं अर्धं पोतं संपवलं.

"अहो," सेतुन्या म्हणाली, "वाळवायच्या आधी त्या उकळता कशात?"

मिठाच्या पाण्यात. दर हंगामात तो स्वतःच उकळायचा.

मग ताज्या अळ्या आल्या, साध्या पाण्यात शिजल्या. ओलेबिलेने त्या तोंड वाकडं न करता खाल्ल्या. तरी आकडा चढलेलाच.

"बाहेर काही खाता?" सिस्टरांनी विचारलं.

"देवाशपथ नाही."

पुढच्या शनिवारी सिस्टर कुणाच्या तरी लग्नाला गेल्या. हंड्याशी ओलेबिले मांस काढी, फुंकर मारी, तोंडात टाकी, डोळे मिटी, मीठ घाली, आणि पुन्हा पहिल्यापासून.

"काका! हे काय?"

"चाखतोय."

"खाताय!"

"छे. खायला बसावं लागतं."

त्या संध्याकाळी सेतुन्याने मुसळ कपाटात घातलं आणि किल्ली गळ्यात. ओलेबिलेने चाखणं सोडलं. हळूहळू, रुसलेल्या पाहुण्यासारखा, आकडा खाली आला. लग्नाच्या आदल्या दिवशी मुसळ परत मिळालं. "पण जिभेला एक कण लागला, तर टिरो उभाच आहे," सेतुन्याने बजावलं.

टिरो खरंच उभा होता. लग्नाच्या सकाळी हंड्याजवळ, खिशात वडी घेऊन.

ओलेबिलेने आधी स्वतःपुरतं बिनचरबीचं मांस छोट्या पातेल्यात काढून ठेवलं. मग मिठाची पिशवी उघडली आणि म्हणाला, "टिरो, चाख."

"मी? दाजी, माझ्या जिभेला तुम्ही जोड्याचा तळ म्हणता."

"म्हणतोच. चाख."

"अळणी."

ओलेबिलेने मूठभर मीठ टाकलं.

"अजून अळणी."

आणखी टाकलं. टिरोने पुन्हा मोठा घास घेतला. ही जीभ वड्यांवर वाढलेली. तिला जे बरोबर, ते सभ्य माणूस थुंकणार. म्हणजे थांबायचं त्याच्या अलीकडे.

"हं," टिरो म्हणाला, "बरंय, पण काहीतरी कमी आहे."

ओलेबिलेने धाडकन झाकण घातलं. "झालं!"

"अहो दाजी, कमी आहे म्हणतोय ना!"

"तेच हवं होतं."

जेवणाला बसलेल्या म्हाताऱ्या मंडळींनी पहिला घास हळूहळू चावला. ओलेबिले मुसळ धरून बघत राहिला. मग सगळ्यात म्हाताऱ्याने ताट पुन्हा पुढे केलं, आणि पाठोपाठ सगळ्यांनी.

सिस्टर गाओने लग्नातही प्रेशरचं यंत्र पिशवीत घेऊन फिरत. त्यांनी ओलेबिलेचा दंड बांधला आणि मान डोलावली. गंमत म्हणून टिरोचाही बांधला. आकडा बघितला. यंत्र झटकलं. पुन्हा बघितला.

सेतुन्याने भावासमोरचं ताट उचललं, छोट्या पातेल्यातलं मांस दोघांत वाटलं आणि शेजारी अळणी चवळी वाढली.

"ताई! मी तर नुसता चाखत होतो!"

ओलेबिलेने बाकावर सरकून जागा केली.

"बस," तो म्हणाला. "हे बसून खायचं असतं."