ज्युलियाची अठ्ठावन्न सेकंदं

विक्रोळीच्या पार्कसाइट वसाहतीमागे टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीकडे जाणारा एक डांबरी रस्ता होता. पाऊण किलोमीटर लांब, चार वळणांचा. सकाळी त्यावर कोणी नसे, म्हणून मी तिथे थोडं वरपर्यंत फिरायला जात असे. १९८४ सालच्या जानेवारीत एका रविवारी मी पायथ्याशी पोचलो, तोच वरून खर्रर्र असा आवाज आला आणि एक बाई लाकडी गाडीवर जवळजवळ उताणी पडून, पाय पुढे करून, शेवटच्या वळणावरून भरधाव माझ्याकडे येताना दिसली. मी कडेच्या गटारात उतरलो. ती बुटांचे तळवे रस्त्यावर घासत पुढे गेली, थांबली आणि धावत परत आली.

"लागलं का हो अंकल?"

"नाही, नाही. चूक माझीच," मी म्हणालो. चूक माझी कशी, हे मला आजही सांगता येणार नाही. पण मला तसं म्हणायची सवय आहे.

ती ज्युलिया मिस्किटा. मरोळ गावठाणातली, अंधेरीच्या एका इस्पितळात नर्स. त्याआधी पाच वर्षं ती ऑस्ट्रियात नोकरीला होती. ज्या डोंगरी गावात तिचं इस्पितळ होतं, तिथले लोक हिवाळ्यात लाकूडतोड्यांच्या वाटेवर पाणी मारून ती गोठवत आणि तिच्यावरून घसरगाड्यांच्या शर्यती लावत. त्या गाडीला ती 'रोडल' म्हणे. तिला ब्रेक नाही, सुकाणू नाही. हातात एक दोरी, वळायचं ते अंग टाकून आणि थांबायचं ते पायांनी. ज्युलिया तीन हिवाळे तिथल्या क्लबकडून शर्यतीत उतरली होती आणि एकदा चौथी आली होती. मग आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि ती मरोळला परतली. येताना रोडल घेऊन आली. तिचा भाऊ मॅथ्यू टेम्पो चालवायचा. त्याने गाडीच्या पोलादी पट्ट्या काढून खाली बेअरिंगची चाकं बसवली आणि हा रस्ता शोधून काढला.

मॅथ्यूही तिथेच पायथ्याशी होता, आणि त्या दिवशी त्यांना एका माणसाची गरज होती. गाडी सुटताना वरून लाल फडकं खाली टाकायला एक जण लागे आणि पायथ्याशी खडूच्या रेघेवर घड्याळ घेऊन दुसरा. आतापर्यंत फडकं त्यांचा चुलतभाऊ लॉरेन्स टाकायचा आणि घड्याळ मॅथ्यू धरायचा. लॉरेन्स नुकताच कुवेतला गेला होता.

"घड्याळ मी धरतो," मी म्हणालो. आपण होऊन काही म्हटल्याचे माझ्या आयुष्यातले प्रसंग थोडे आहेत, त्यातला हा एक.

"बेस्ट झालं," ज्युलिया म्हणाली. "मॅथ्यू वर जा. तू तसाही चीटिंग करतोस, बहिणीचं मन राखायला."

"ए, मी कधी केली गं? तुझी गाडीच झकास पळते."

"बघू ना आता. अंकल काय माझे मामा नाहीत."

मी तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची सूची करण्याचं काम केलं. काम चोख होतं असं लोक म्हणत. मला स्वतःला प्रत्येक कार्ड पेटीत टाकल्यावर वाटे की कुठेतरी आकडा चुकला आहे. लग्न झालं नाही. त्याचं कारण सांगण्यासारखं नाही, कारण तसं काही घडलंच नाही. निवृत्तीनंतर माझा आठवडा वाचण्यात जाई, आणि वाचलेलं कोणाला सांगायचं हा प्रश्न पडू नये म्हणून मी आणखी वाचत असे. ज्युलिया-मॅथ्यू भेटल्यावर मात्र आठवड्याला एक टोक आलं. शनिवारी रात्री मी चप्पल पुसून ठेवू लागलो.

दर रविवारी ती दोघं उजाडताना टेम्पोतून येत. चार-पाच फेऱ्या होत. मग ज्युलिया थर्मासमधला चहा झाकणात ओतून मला देई, "काय वाचलंत अंकल या आठवड्यात?" असं विचारी, आणि मी सांगायला लागेपर्यंत मॅथ्यू हॉर्न वाजवी, "चल गं, चर्चला मिस्सा चुकेल." एवढंच. पण ते मला पुरत होतं.

अठ्ठावन्न सेकंदांची गोष्ट तिने मला त्याच वर्षी सांगितली. तिचा तिथला प्रशिक्षक म्हणजे एक म्हातारा शाळामास्तर होता. त्याने लिहिलं होतं, की परत आल्याआल्या, अंगात बर्फ ताजा असताना, तुझ्या त्या मुंबईतल्या उतारावर तुला किती वेळ लागला तो आकडा जपून ठेव. दर डिसेंबरात तोच रस्ता, तीच गाडी. आकडा टिकला तर ये, क्लबमध्ये तुझी जागा ठेवतो. आकडा घसरला तर येऊ नकोस, हाडं मोडशील. आल्याआल्या तिला लागली होती सत्तावन्न पूर्णांक सहा. तिने अठ्ठावन्नची मर्यादा धरली. क्लबला होय-नाही कळवायची मुदत डिसेंबरअखेर असे.

पहिल्या डिसेंबरात आई अंथरुणाला खिळलेली होती, त्यामुळे प्रश्नच आला नाही. १९८५च्या डिसेंबरात आई काठी घेऊन चालू लागली होती. चार रविवार ज्युलिया जीव तोडून उतरली. माझ्या घड्याळात सर्वांत कमी आले अठ्ठावन्न पूर्णांक चार.

"गेलं," ती म्हणाली. डांबरावर बसून तिने बूट काढले. "बत्तीस वर्षांची झाले ना. अंग सांगतंच."

मला वाईट वाटलं. वाईट वाटलं हे खरं आहे, पण ते पुरतं खरं नाही. ती मिस्साला गेल्यावर मी वसाहतीतून घराकडे येताना गुणगुणत होतो, आणि ते लक्षात आल्यावर मी थांबलो होतो.

मग आलं १९८६. त्या वर्षी ती वेगळीच झाली होती. इस्पितळाचे जिने गुडघ्याला वजन बांधून चढायची. म्हणाली, "हे शेवटचं, अंकल. जानेवारीपासून वॉर्डची इनचार्ज करतायत मला. ते घेतलं की मग दोन महिने रजा कोण देतंय? यंदा झालं तर झालं, नाहीतर ही गाडी मॅथ्यूच्या पोरांना खेळायला."

डिसेंबरातल्या तिसऱ्या रविवारी तिने पाच फेऱ्या केल्या. चौथी मला फार वेगवान वाटली. घड्याळ म्हणालं अठ्ठावन्न पूर्णांक तीन. ज्युलियाने मान हलवली. "उद्या पत्र टाकते मास्तरांना. येत नाही म्हणून." चहा तिने मलाच सगळा दिला.

टेम्पो गेल्यावर मी तसाच उभा होतो. पायथ्याशी दुधाचं केंद्र होतं. तिथला रतन रिकामे क्रेट रचता रचता दर रविवारी आमची गंमत बघायचा.

"काय आजोबा," तो ओरडला, "एवढं घाबरता कशाला? गाडी काय अंगावर येते तुमच्या?"

"मी कुठे घाबरतो?"

"जाऊ द्या ना! गाडी रेघेशी आली की डोळे गच्च. माझी आई इंजेक्शनला मिटते ना, तश्शे. गाडी गेली की उघडता, मग टक करून दाबता. तीन वर्षं बघतोय मी. आमच्या पोरांत नक्कल पण करतात तुमची."

तो हसला. मीही हसलो. मग मी घरी आलो आणि खुर्चीवर बसून घड्याळाचं बटण दाबायचा खेळ करून पाहिला. घड्याळ माझ्याकडेच असे. डोळे मिटायचे, उघडायचे, दाबायचं. कितीही घाई केली तरी अर्धा सेकंद जात होता. कधी जास्तच.

फेरीच्या सुरुवातीला मी फडक्याकडे टक लावून असे, तिथे भीती नव्हती. भीती शेवटी होती, ज्युलिया तीरासारखी पायांपाशी येई तेव्हा. आणि तिचा मूळ आकडा धरला होता मॅथ्यूने, ज्याने आयुष्यभर घाटातल्या ट्रकांकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं आहे. त्याच्या हातच्या आकड्याशी आम्ही माझ्या हातचे आकडे लावून बघत होतो, आणि हे तिघांपैकी कोणालाच सुचलं नव्हतं.

याहून वाईट विचार दुपारी आला. डोळे भीतीनेच मिटत होते का? ती गेली नाही तर रविवार राहतात, हे माझ्यातल्या कोणाला तरी ठाऊक होतंच की. मी स्वतःची उलटतपासणी घेत बसलो. काही निष्पन्न झालं नाही. फक्त उद्या सकाळी पत्र पडणार, एवढं नक्की होतं.

संध्याकाळी बस पकडून मरोळला गेलो. गावठाणात क्रुसापाशी बायका तेल घालून दिवे लावत होत्या. मिस्किटांचं घर सापडलं, त्यांच्या दारावरून मी पुढे गेलो, विहिरीपर्यंत गेलो आणि परत आलो. असं तीनदा झालं. सांगून उपयोग काय, असं मन म्हणे. रतनचं काय ऐकायचं? कदाचित अर्धा नसेल, पाव सेकंदच असेल. उगाच पोरीला आशा. चौथ्या वेळी काठी टेकून ओट्यावर बसलेली तिची आईच म्हणाली, "कुणाला शोधतंस रे बाबा?" मग पळता येईना.

ज्युलिया ओले हात पुसत बाहेर आली आणि मला आत घेऊन गेली. मी उभ्या उभ्याच सांगितलं. रेघेपाशी मी डोळे मिटतो. तीन वर्षं मिटतो आहे. बटण उशिरा पडतं.

"किती उशिरा?"

"सांगता येत नाही. अर्धा असेल."

"मागच्या वर्षी पण?"

"हो."

मॅथ्यू आतून आला होता. "आयला अंकल, वाट लावलीत की राव," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, तो सरळ बोलला होता. टेबलावर निळं हवाई पत्र चिकटवून तयार ठेवलेलं होतं. ज्युलियाने ते उचलून खाटेवरच्या उशीखाली सरकवलं.

"उद्या सकाळी," ती म्हणाली. "मॅथ्यू, घड्याळ तू धर. अंकल, तुम्ही वर चला. चढवेल ना?"

"चढेन."

मी घड्याळ टेबलावर ठेवलं.

सोमवारी मी पहिल्यांदाच त्या रस्त्याच्या माथ्यावर गेलो. वाटेत पाच वेळा थांबलो. ज्युलिया गाडी खांद्यावर घेऊन पुढे चालत होती. ती थांबली नाही, पण वेग कमी केला. वर टाकीची भिंत होती आणि पलीकडे पवईचं पाणी. तिने गाडी ठेवली, बसली, दोरी मनगटाला गुंडाळली. तिचा चेहरा मी तीन वर्षांत इतक्या जवळून आणि इतका अनोळखी कधी पाहिला नव्हता. खाली मॅथ्यू काडीएवढा दिसत होता.

"टाका," ती म्हणाली.

मी फडकं टाकलं. तिने दोन्ही हातांनी रस्त्याला दोन-तीन दणके देऊन स्वतःला ढकललं आणि ती गेली. मी डोळे उघडे ठेवले. पहिलं वळण दिसलं, दुसरं दिसलं. मग झाडी. नंतर फक्त आवाज, आणि मग तोही नाही. खालून मॅथ्यूने काहीतरी ओरडून सांगितलं. वाऱ्याने शब्द पोचले नाहीत. त्यात आनंद होता की नाही, तेही कळलं नाही. कोणी वर येईना. मी एकटाच टाकीपाशी थोडा वेळ उभा राहिलो आणि मग फडकं घेऊन उतरू लागलो.

खाली आलो तेव्हा ती टेम्पोच्या फळीवर बसून होती.

"सत्तावन्न पॉइंट सात," मॅथ्यू म्हणाला.

"अभिनंदन," मी म्हणालो. दुसरा शब्द सुचला नाही.

ज्युलियाने मला बसायला जागा दिली. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे मागच्या वर्षीचंही झालं असतं."

"हो."

"एक अख्खा हिवाळा, अंकल."

मी मान खाली घातली. चूक माझीच, असं म्हणायला तोंड उघडलं. पण ते वाक्य मी इतक्या वेळा, इतक्या फालतू गोष्टींसाठी वापरलं होतं की त्या दिवशी ते तोंडातून बाहेर पडेना. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातून फडकं घेतलं, घडी केली आणि म्हणाली, "तार करायला हवी आज. पत्राला वेळ नाही."

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती गेली. निरोपाला मी विमानतळावर गेलो नाही. बोलावलं होतं, मॅथ्यूने. ती बोलावते आहे असं तो म्हणाला नाही, आणि मी विचारलं नाही. इनचार्जची जागा दुसऱ्या नर्सला मिळाली.

रविवारी मी उताराकडे जायचा थांबलो. उलट्या बाजूला, स्टेशनकडे फिरू लागलो.

मार्चमध्ये एकदा मॅथ्यू टेम्पो घेऊन आमच्या वसाहतीत सामान उतरवायला आला होता. मला बघून त्याने हाक मारली.

"अंकल! कळलं का? नववी आली ती. सतरा जणींत. हाडबीड काय मोडलं नाही."

"अरे वा. कधी येते आहे परत?"

तो जरा घुटमळला. "येत नाय आता. तिथल्या इस्पितळानं परत ठेवून घेतलंय. आईला पैसे पाठवीन म्हणते. यंदा चौतीस होईल ना, म्हणते अजून दोन-तीन हिवाळे मिळतील."

"बरोबर आहे," मी म्हणालो. "माझ्यासाठी काही लिहिलंय का?"

"तसं नाय काही."

मग काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तिथे किती सेकंद लागली?"

"काय माहीत. तिथली वाट दुप्पट लांब, वर बर्फ. तिथल्या आकड्याला इथला आकडा लावून काय कळणार, अंकल?"

ते खरं होतं. वर येऊन चहा घे, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, आज घाटकोपरला अजून एक फेरी आहे, नंतर कधीतरी. आणि त्याने टेम्पो चालू केला.