वाढवलेला जोर

मी एका मोटारसायकलचं इंजिन बोलतोय. माझा खरा आवाज कायमचा गेला. पोटाला मूठ जाईल एवढं भोक पडलंय.

माझा मालक घरोघरी वीजमीटर वाचत फिरायचा. सरळमार्गी माणूस, मला कधी दामटलं नाही. अडचण एकच, घराकडचा चढ. मागे बायको बसली की मी अर्ध्यावरच धापा टाकायचो. ती उतरून चालू लागायची.

"मी लठ्ठ, की तुमचं इंजिन म्हातारं?"

"दोन्ही," तो म्हणायचा आणि पाठीत धपाटा खायचा.

आई अशी पायी चढताना लोक हसायचे, ते मुलाच्या मनाला लागायचं. छापखान्यातली नोकरी, पगार तोकडा, पण हौस दांडगी. त्यानं मला मागच्या खोलीत उघडलं. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून रुंद करून आणला, भंगारातून मोठा पिस्टन शोधला, दाब वाढावा म्हणून हेड घासून घेतलं. त्याचा मामा जुना मेकॅनिक. तो म्हणाला, "जोर वाढवतोयस, तर कनेक्टिंग रॉडही नवा घाल. सगळा भार त्याच्यावर येतो."

"जुना ठणठणीत आहे, मामा. पुढच्या पगारात बघू."

"रॉड पगाराची वाट बघत नसतो, बाबा."

मी चढ एका दमात चढलो. बाई मागे बसूनच दारात उतरली. "पोरानं बांधलंय!" बाप गल्लीभर सांगत सुटला. जन्मभर हळू चालवणाऱ्याला वेगाची चटक लागली.

एका दुपारी मोठा रस्ता समोर मोकळा दिसला. त्यानं मूठ पिळली. तो हसत होता. तेवढ्यात रॉड तुटला, माझी कूस फोडून बाहेर आला आणि मागचं चाक जागीच जाम झालं. तो पडला. मागच्या ट्रकला थांबता आलं नाही.

रॉडचे तुकडे मामानं पाहिले. फडक्यात गुंडाळून भाच्याच्या हातात ठेवले. आईला मुलानं सांगितलं, "टायर फुटला." तेव्हापासून जेवताना तो तिच्याकडे बघत नाही.

आज ती आली, हातानं माझी धूळ पुसली. "पुन्हा बांध ना रे हे. तू केलेल्या कामावर किती खूश होते ते!"

"बांधतो," तो पाठ फिरवून म्हणाला.

बाई, मला भंगारात घाल. नाहीतर आधी खरं काय घडलं ते त्याला नीट विचार. पण माझं ऐकतंय कोण? त्याला उजेड मिळावा म्हणून ती खिडकी उघडते आहे, आणि त्यानं पाना हातात घेतलाय.