बदलीबाई

या, जरा पुढं सरकून बसा. कीर्तनाला बुवा यायला वेळ आहे, तोवर एका बाईची गोष्ट सांगतो.

ज्योत्स्ना रामराव शेवाळे तिचं नाव. सहा वर्षं गणित शिकवत होती, पण कायम कुठंच नव्हती. कुणी रजेवर गेलं की तिला बोलावणं. औंदा जाफराबादजवळच्या एका शाळेत दहावीचा वर्ग मिळाला. पहिल्या दिवशी हेडमास्तर म्हणाले, "ह्या आपल्या बदलीबाई," आणि पोरांनी तेच नाव धरलं. पायल नावाच्या पोरीनं तर वहीच्या कव्हरवर लिहिलं, 'विषयशिक्षक : श्रीमती बदलीबाई'. ज्योत्स्ना हसली, पण ते मनाला लागलं.

भूमितीत पोरं नुकती रुळत होती, तेवढ्यात शहरातल्या मस्तगड भागातल्या एका शाळेतून फोन आला. कायम जागा. उद्या अकराला हजर व्हा, न्हाईतर यादीतल्या पुढच्याला बोलावू.

"गणितच ना, सर?"

"गणिताला सर हायेत. तुम्ही सध्या पोरांची ऑनलाइन माहिती भरायची. तासाचं पुढं बघू."

"पुढं म्हंजे कधी?"

"बाई, जागा कायम हाय का न्हाई, तेवढं बघा."

तिनं फोन आपटलाच. वडील रामराव गावच्या कीर्तनातले टाळकरी. बुवाला ठसका लागला की चाल सावरून धरणारे तेच, पण कार्यक्रमाच्या पत्रिकेत 'समस्त भजनी मंडळ' एवढ्यातच ते आले.

"जा बाई," ते म्हणाले. "मी जल्मभर मागंच उभा राह्यलो."

"आणि माझी पोरं, आबा? परीक्षा दीड महिन्यावर आली."

"तुझी? रजेवरची बाई उद्या परत आली, मंग कुणाची?"

बोलणं खरं होतं, म्हणूनच तिला जास्त चीड आली. रागारागातच तिनं बॅग भरली.

मस्तगडात हजेरीपटावर पहिल्यांदा तिचं पूर्ण नाव आलं. तिनं सही केली आणि कॉम्प्युटरपुढं बसली. पोराचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. भिंतीपलीकडं सर पोरांना प्रमेय नुसतं उतरवून घ्यायला सांगत होते, का ते न सांगता. हिची बोटं खडूसाठी वळवळत होती.

चौथ्या दिवशी पायलचा फोन आला.

"बाई, नवीन बदलीबाई आल्यात."

"असं म्हणू नको त्यांना. आधी नाव विचार, फळ्यावर लिही."

"विचारलं की. त्या म्हणल्या, पंधरा दिवसांसाठी नाव कशाला पाठ करता."

ज्योत्स्नानं फोन ठेवला. स्क्रीनवर 'नाव' असा रकाना उघडा होता, तो तसाच राहिला.

ते बघा, बुवा आले. टाळ घ्या हातात. फक्त आरतीला हात जोडाल तेव्हा त्या पंधरा दिवसांच्या बाईला आठवा. तिचं नाव मलाही ठाऊक न्हाई, पण देवाला विचारून ठेवायला काय हरकत आहे?