डावा हात वर

पद्माकरनं पोरांपासून एकच गोष्ट लपवली, आणि तीच नडली.

जर्मनीत, ब्योब्लिंगेनला त्यांच्या इमारतीच्या तळघरात, शेजाऱ्यांच्या सायकली बाजूला सारून, बावीस वर्षांपूर्वी त्यांचा घरचा सोल-फंक बँड सुरू झाला. बेस गिटार पद्माकरची, गाणं वसुधाचं. पोरं मोठी झाली तशी ईप्सिता ड्रम्सवर आणि अनिमेष कीबोर्डवर बसला. मराठी मंडळानं आधी नाकं मुरडली, मग यांच्यावाचून त्यांचा गणपती पार पडेना.

बँडचा नियम एकच. वसुधानं डावा हात वर केला की तीच चाल आणखी एक फेरी वाजवायची. लोक रंगात आले की ती हात वर करायची.

मार्चमध्ये डॉक्टरनं तिच्या विसरण्याला आजाराचं नाव दिलं. पद्माकरनं रिपोर्ट मोज्यांच्या कप्प्यात कोंबला. बोलताना अडखळते, मान्य, पण गाताना? छे! गावच्या जत्रेत, श्टाटफेस्टला, तेवढं वाजवून होऊ दे, मग सांगू पोरांना. माणूस स्वतःला किती गंडवतो बघा!

श्टाटफेस्टला चौक भरला होता. पहिलं कडवं झकास झालं. दुसऱ्याच्या तोंडाशी वसुधाचा हात वर गेला. फेरी वाजली. पुन्हा हात वर. लोक नाचायला लागले, अनिमेषनं खुशीत बापाला अंगठा दाखवला. सातव्या फेरीला पद्माकरनं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि त्याला कळलं. तिला शब्दच आठवत नव्हते. हात खाली घ्यायची तिला भीती वाटत होती.

"अहो," ती माईकमध्येच म्हणाली, "पुढं काय आहे?"

चौकाला मराठी कुठलं कळायला! त्यांनी टाळ्या पिटल्या. ड्रम्स मात्र थांबले. जन्मभर आईला जर्मनमधूनच उत्तरं देणारी ईप्सिता उठून आली आणि तिनं तो हात हळूच खाली घेतला.

"आई, संपलं गाणं. घरी जाऊ या."

"छान झालं ना गं?"

"खूप छान." मग ती बापाकडे वळली. "बाबा, तुला माहीत होतं?"

पद्माकरला मान वर करवेना. लाज वाटली त्याला, स्वतःची. आणखी एकदा तिला उभं राहून गाताना बघायचं होतं, एवढ्यासाठी त्यानं तिला भर चौकात आणून उभं केलं होतं.

"त्सुगाबे! त्सुगाबे!" खालून लोक ओरडत होते. आणखी एक, आणखी एक.

ते ऐकून वसुधा हसली, आणि तिचा डावा हात पुन्हा वर गेला.