तीन नंबरची खुर्ची

दुपारी साडेचारला तिचे सासरे वाचनालयातल्या तीन नंबरच्या संगणकासमोर येऊन बसले. त्याच संगणकावर नुकताच तिने आपला ईमेल उघडा टाकला होता.

चूक तिचीच. अर्ध्या तासाची पाळी संपली की काउंटरवरच्या बाई घंटा वाजवत, आणि वेळ वाढवून हवा असेल तर त्यांच्याकडून नवा बिल्ला आणावा लागे. ती उठून गेली. पुढचा माणूस थांबलाय म्हणून बाईंनी नकार दिला. वळून पाहिलं तर पुढचा माणूस घरचाच निघाला. एरवी ते सकाळी येत, बुद्धिबळाचे दोन डाव खेळून जेवायला घरी परतत. आज सकाळी वाचनालयात वीज नव्हती.

ती पटकन पुस्तकांच्या कपाटाआड सरकली. बाहेर जायचं दार एकच, तेही त्यांच्या खुर्चीला लागून. सासऱ्यांच्या हिशेबी ती या वेळी घरी इस्त्री करत होती.

पडद्यावर दूरच्या गावातल्या रुग्णालयाचं पत्र होतं. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी, राहायला खोली, खाली दोन बटणं: हिरवं होकाराचं, लाल नकाराचं. उत्तर पाचच्या आत. अर्धा तास ती त्या बटणांकडे बघत बसली होती; बोट काही हललं नव्हतं. मागच्या खेपेला असंच पत्र घरी आलं, तेव्हा नवऱ्याने परस्पर फोन करून नकार कळवला आणि जेवताना भात कालवत सांगितलं, "तुझं ते प्रकरण मिटवून टाकलं." तिचा मोबाइल तो रोज चाळायचा. म्हणून हा सगळा कारभार वाचनालयात.

सासऱ्यांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि पुढे वाकले. जन्म तिकीट खिडकीत काढलेला माणूस. औषधाच्या खोक्यावरचा बारीक मजकूर शेवटपर्यंत वाचल्याशिवाय गोळी घेत नसे. पण काउंटरवरच्या बाईंनी सगळ्या म्हाताऱ्यांना एकच मंत्र देऊन ठेवला होता: संगणकाने काहीही विचारलं तर हिरवं दाबा. घरी ते त्याचीच चेष्टा करत. कुठली भाजी करू, असं तिने विचारलं की म्हणत, "सूनबाई, प्रश्न आला की हिरवी."

आता त्यांच्या पाठीआड पडदा दिसेना, ते काय दाबताहेत ते कळेना. वायफायचा पासवर्ड भिंतीवर चिकटवलेला होता. मोबाइलवर ईमेल कधीही उघडायचा नाही हा नियम तिने स्वतःच मोडला. कपाटांच्या मागे रेंज लंगडी. एक पाऊल पुढे गेलं की जोडणी मिळे, पण सासऱ्यांचा कान दिसू लागे. मागे आलं की दोन्ही जात. एक गृहस्थ पुस्तक शोधत आले आणि म्हणाले, "ताई, जरा सरकता का?" सरकायला जागा नव्हती. ती पुढे झाली. पासवर्ड दोनदा चुकला. पडद्यावरचं चाक गरगरत राहिलं.

अखेर पान उघडलं. सगळ्यात वर नवा निरोप होता. तुमचा होकार मिळाला, सोमवारी रुजू व्हावे. वेळ चार सत्तेचाळीस. त्या वेळी ती इथेच होती, फिरणाऱ्या चाकाकडे बघत.

सासरे उठले. पडद्यावर आता बुद्धिबळाचा पट होता, एकही प्यादं न हललेला. त्यांनी बिल्ला परत केला, बाईंना काहीतरी म्हणाले. बाई हसल्या. दाराबाहेर पायरीवर थांबून त्यांनी खिशातून फोन काढला, आणि तिच्या हातातला मोबाइल थरथरला.

यात नवीन काही नव्हतं. परतताना ते रोज हाच फोन करत, आणि उत्तर पुरतं व्हायच्या आत ठेवूनही देत, कारण उत्तर ठरलेलं असे. उचलला नाही तर घरी पोचून विचारतील. तिने उचलला.

"काही आणायचंय का?"

"नाही, बाबा," ती हळू आवाजात म्हणाली.

काचेच्या दारापलीकडे ते पाठमोरे उभे होते, फोन कानाला. तेवढ्यात बाईंनी वाचनालय बंद व्हायची घंटा वाजवली, चांगली लांबवून. ती फोनमधूनही त्यांना ऐकू गेलीच असणार.

सासऱ्यांनी फोन ठेवला नाही. मागे वळूनही पाहिलं नाही.