सेन ठे आजींच्या डोळ्यातले भिंग

मित्रांनो, मी एक जुने भिंग आहे. मसुराच्या दाण्याएवढे, आणि दोन बाजूंना केसासारखे दोन हात. अकरा वर्षे मी बागान या जुन्या शहराजवळच्या एका गावात सेन ठे आजींच्या उजव्या डोळ्यात राहते. मला दुखत नाही, दिसतही नाही. उजेड माझ्यातून जातो, इतकेच.

आजी काळ्या रोगणाच्या वाट्यांवर लोखंडी टोच्याने नक्षी कोरतात. डावा डोळा त्यांचा लहानपणीच गेलेला. उजव्यात मोतीबिंदू झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी तो काढून आतल्या पातळ पिशवीत मला ठेवले.

"पिशवी फार नाजूक आहे, आई. महिनाभर वाकायचं नाही," त्यांनी बजावले.

नवव्या दिवशी पौर्णिमा आली. आजी पॅगोडात गेल्या आणि त्यांनी रीतीप्रमाणे तीनदा कपाळ फरशीला टेकवले. तिसऱ्या वेळी पिशवी फाटली. मी डोळ्याच्या तळाशी जाऊन पडले आणि आजींना सारे धूसर दिसू लागले.

"वाकू नका म्हणाला होतात, मी हंडासुद्धा उचलला नाही," दवाखान्यात आजी डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "बुद्धापुढे डोकं टेकणं म्हणजे का वाकणं?"

"डोळ्याला काय कळतंय, पुढ्यात बुद्ध आहे की हंडा!"

लेक थिदा रडू लागली. आजी तिच्यावरच खेकसल्या, "रडतेस काय? डोळे तुझे शाबूत आहेत." मग हळूच विचारले, "बाई, मला पुन्हा कोरता येईल ना?"

"बघू," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला तळातून वर काढले. पिशवी उरली नव्हती, म्हणून डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत सुईने दोन बारीक बोगदे केले, त्यांतून माझे हात बाहेर ओढले आणि टोकांना जरा आच दिली. टोके वितळून त्यांच्या गाठी झाल्या. त्या भिंतीत दडवल्या. डोळा औषधाने बधिर होता. मी तर नेहमीचेच बधिर.

पट्टी निघाल्यावर आजींनी वाटी मागितली नाही. आधी थिदाला जवळ बोलावून म्हणाल्या, "किती वाळलीस गं! जेवत नव्हतीस?"

टोचा त्यांनी दोन महिन्यांनी हातात घेतला. रेघ सरळ आली.

मित्रांनो, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला 'वाकू नका' एवढेच सांगून थांबू नका. ते रोज कुणाकुणापुढे वाकतात, तेही विचारा. आम्हा भिंगांना कुणी विचारत नाही, आणि विचारले तरी आम्हाला सांगता येत नाही.