चावरा माईक

फ्यूज हे काही तिचं खरं नाव नव्हतं. खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. आत्या म्हणायची, या पोरीवर जरा लोड आला की ही उडते, आणि उडाली की घरभर अंधार. हे नाव सगळ्यांना इतकं पटलं की एकदा बाईंनी वर्गात चुकून तेच पुकारलं, आणि फ्यूजनं छाती काढून "हजर" म्हटलं.

आत्या माईक आणि स्पीकर भाड्यानं द्यायची. सभा असो, स्पर्धा असो, कुणाच्या लग्नाची पार्टी असो, आवाज आत्याचा. आई-बाबा कामावरून यायला संध्याकाळ व्हायची, म्हणून शाळा सुटली की फ्यूज थेट आत्याच्या दुकानात. तिथं भिंतभर खिळ्यांना वायरींची भेंडोळी लटकलेली असायची आणि ती गुंडाळायचं काम फ्यूजचं. कशीबशी गुंडाळलेली आत्याला चालत नसे. वायरीलाही पाठ असते, पिळली की धरते, असं ती म्हणायची आणि स्वतःची पाठ धरून दाखवायची.

बाकीचे लोक माईक लावून झाला की "हॅलो, हॅलो, चेक" करतात. आत्या आधी खालचा ओठ माईकच्या जाळीला हलकेच टेकवायची. करंट झिरपत असेल तर हाताला उशिरा कळतं, ओठाला आधी मुंग्या येतात. मग ती एक पाऊल मागं सरायची आणि रिकाम्या हॉलला विचारायची, "जेवलात का? जेवलात का?" हॅलो म्हणताना माणसाचा आवाज पाहुण्यासारखा होतो म्हणे, आणि जेवलात का विचारताना घरचा होतो. कधी मागच्या बाजूनं एखादा झाडूवाला "हो ताई, मघाशीच" म्हणून उत्तर द्यायचा, की आत्या खूश.

दुकानातल्या सगळ्यात खालच्या खणात, गळ्याला लाल टेप बांधून, एक माईक झोपलेला असायचा. त्याचं नाव चावरा. आत्यानं पहिल्या कमाईतून घेतलेला, जाडजूड, लोखंडी अंगाचा. त्याच्या पोटात कुठंतरी बिघाड होता आणि ओल्या हातानं धरला की तो चावायचा. एकदा आत्याला असा चावला होता की ती स्टेजवरून खाली, आणि तेव्हापासून तिच्या डाव्या करंगळीला काही म्हणजे काही जाणवत नाही. गरम कप धरताना ती करंगळी एकटीच वर उभी राहते. टाकून का देत नाहीस, असं फ्यूजनं विचारलं तर आत्या म्हणायची, "पहिला आहे गं." काही लोक आपल्या बिनकामाच्या थोरल्याबद्दल बोलतात ना, अगदी तसं.

तर झालं असं, की गावात डरकाळेसाहेबांची सभा झाली. डरकाळे हे नाव फ्यूजनं आणि तिच्या मैत्रिणीनं ठेवलेलं, कारण साहेब बोलत नसत, डरकाळ्या फोडत. आवाज अर्थातच आत्याचा. कामाधंद्यासाठी बाहेरून येऊन राहिलेल्या लोकांना साहेब भर सभेत घुशी म्हणाले. घरात घूस शिरली की काय करायचं ते मी तुम्हाला सांगायला नको, असं म्हणून ते मध्येच थांबले आणि पाणी प्यायले. लोक हसले. दुसऱ्या दिवशी घड्याळवाल्या काकांच्या दुकानावर दगड आले.

घड्याळवाले काका म्हणजे टिकटिकचे बाबा. टिकटिक म्हणजे तीच ती मैत्रीण, फ्यूजच्या शेजारी बसणारी आणि तास सुरू असताना जिचं तोंड बंद राहणं अवघड. काका तरुणपणी बाहेरून आलेले, टिकटिक तर इथंच जन्मलेली. एक दगड काचेतून आला आणि काकांच्या उजव्या डोळ्यावर बसला. याच डोळ्यात ते बारकं भिंग लावून घड्याळांच्या पोटात बघायचे. डॉक्टर म्हणाले, बघू. म्हणजे काय बघू, हे कुणी सांगेना. टिकटिकनं शाळेत येणं बंद केलं. फ्यूज तिच्याकडे गेली तेव्हा ती पायरीवर बसून एकच वाक्य बोलली, आणि तेही इतकं हळू की फ्यूजला तिची आधीची सगळी बडबड परत हवीशी झाली.

"त्यालाही एकदा दुखायला पाहिजे."

फ्यूज तिथून निघाली ती आत्याच्या दुकानात येऊन उडाली. तुझ्याच स्पीकरमधून बोलला ना तो, तू तिथंच बसली होतीस ना, तुला ऐकू आलं नाही का, असं सगळं ती एका दमात बोलली. आत्यानं हातातली वायर खाली ठेवली. मग तिनं जे सांगितलं ते ऐकून फ्यूजला हसावं की रडावं कळेना. आत्या म्हणाली, साहेबांचा 'स' शिट्टी मारत होता. सभाभर ती तेवढंच बघत होती. शिट्टी घालवली, खालचा सूर जरा भरला, आवाज मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ नेला. शब्द तिच्या कानावरून गेले, कानात गेले नाहीत.

"मी आवाज ऐकला गं. बोलणं ऐकलंच नाही."

आणि पुढच्या सभेचंही तिनं कबूल करून टाकलं होतं. आता नाही कसं म्हणायचं, शब्द दिलाय, पण या वेळी ऐकते, नीट ऐकते, असं ती म्हणाली. फ्यूजला ते अजिबात पुरेसं वाटलं नाही. ऐकून काय होणार होतं? काकांचा डोळा काही त्यानं बरा होणार नव्हता.

सभेच्या दिवशी फ्यूजच्या दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकामागं, चावरा होता. लाल टेप तिनं सोलून टाकली होती.

हॉल अजून रिकामा होता. दुपार कलली होती, खिडक्यांतून उन्हाचे लांब पट्टे खुर्च्यांवर पडले होते. आत्यानं चांगल्या माईकला ओठ लावला, जेवलात का विचारलं, आणि समाधानानं मान हलवून मागच्या भिंतीवरचा स्पीकर सारखा करायला शिडीवर चढली. फ्यूजनं माईक बदलला. बदलायला काही लागतच नाही, एक काढायचा, एक खुपसायचा. तिचं काळीज मात्र असं धडधडत होतं की तेच स्पीकरवर ऐकू येईल असं तिला वाटलं. मनात तिनं सगळा हिशेब केला होता. साहेबांची सवय तिला माहीत होती. ते आधी पाणी पितात, निम्मं हातावर सांडतात आणि मग त्याच ओल्या हातानं माईक गच्च धरतात, मान पकडल्यासारखा. चावेल. ओरडतील. सगळ्यांसमोर, त्याच तोंडानं. मरणार थोडेच आहेत?

साहेब लवकर आले. बरोबर त्यांची दोन-चार माणसं. जवळून बघितलं तर साहेब भलतेच बुटके निघाले. त्यांनी फ्यूजला विचारलं, कितवीत आहेस बाळ, आणि उत्तर ऐकायच्या आत स्टेजवर चढले, माईकची उंची बघायला. कुणीतरी पाण्याचा ग्लास दिला. ते प्यायले, नेहमीसारखं निम्मं मनगटावरून खाली ओघळलं. ग्लास धरताना त्यांची करंगळी वर उभी होती.

फ्यूजला त्यांची दया आली नाही. हे तिनं नंतर स्वतःला पुन्हा पुन्हा विचारून पाहिलं, आणि दर वेळी उत्तर तेच आलं. तिला फक्त ती करंगळी दिसली. ओली, जरा वाकडी, कपाच्या कानापासून लांब उभी राहणारी. गरम-गार न कळणारी, आत्याची. ओला हात माईककडे निघाला आणि फ्यूजचे पाय तिला न विचारता पळाले. तिनं स्टेजवर उडी मारून माईक दोन्ही हातांनी हिसकावला. तळवे घामानं चिंब होते. चावरा कडाडून चावला, पण तिला.

शिडीवरून आत्या कशी उतरली ते कुणाला कळलं नाही. खटकन प्लग निघाला. फ्यूज जमिनीवर बसलेली होती, दात एकमेकांवर वाजत होते आणि उजव्या तर्जनीच्या टोकावर पांढरा फोड येत होता. आत्यानं आधी तिचे डोळे बघितले, मग छातीला कान लावला. आयुष्यभर यंत्रांचे आवाज ऐकलेली बाई, पण इतकं लक्ष देऊन तिनं काही ऐकलं नसेल. मग तिनं माईक उचलला, त्याच्या गळ्याशी टेपचा उरलेला चिकटपणा बोटाला लागला, आणि तिला सगळं समजलं. तिनं तो आपल्या पाठीमागं सरकवला.

बोलले ते साहेब. घाबरले होते आणि म्हणून जरा जास्तच मोठ्यानं बोलले. या मुलीनं मला वाचवलं, म्हणाले. आज भाषणात हिला पुढं उभी करतो. बघा, ही आपली लेक, आपल्या रक्ताची. त्या घुशींपैकी कुणी असतं तर उभं राहून मजा बघितली असती.

फ्यूजला वाटलं, हे चावऱ्यापेक्षा वाईट आहे. तिनं टिकटिकचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला आणि मग तिच्या तोंडून शब्द निघाले, जरा बोबडे, कारण जीभ अजून जड होती.

"मीच लावला होता तो. तुम्हाला चावावा म्हणून."

हॉलमध्ये इतकी शांतता पसरली की मागच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेली. साहेबांच्या माणसांपैकी एकजण पुढं सरकला. आत्या उठून मध्ये उभी राहिली, नुसती उभी, कमरेला पकड लटकवलेली आणि केसांत जळमट. साहेबांनी त्या माणसाला हातानं थांबवलं. त्यांचा आवाज एकदम लहान झाला होता, माईकशिवाय तो तसाच होता बहुतेक.

"का पण? मी काय केलंय तुला?"

"घड्याळवाल्या काकांचा डोळा," फ्यूज म्हणाली.

"कोणते काका?"

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. त्यांच्या माणसानं कानाशी लागून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मी कुणाला दगड मारलेला नाही, मारा असंही म्हटलेलं नाही.

आत्यानं मान डोलावली. ती वायर सोडवायला लागली होती, स्टेजच्या एका टोकापासून, रोजच्यासारखी, पाठ न मोडता.

"नाही मारला तुम्ही. तुम्ही बोललात, आणि मी ते सगळ्यांपर्यंत पोहोचवलं. पोरीनं केलं ते चूकच, तिचे कान मी घरी उपटीन. माझं मी इथंच निस्तरते. स्पीकर नेते."

शब्द दिला होतात, असं साहेबांचा माणूस म्हणाला. हो ना, आत्या म्हणाली, या वेळी मी शब्द ऐकले. पोलिसांत जायचं तर जा, पोरीला घेऊन मीच येते. मग तिनं एकटीनं सगळे स्पीकर टेंपोत चढवले. फ्यूजला हात लावू दिला नाही.

टेंपोत आत्यानं तिचं बोट हातात घेऊन त्यावर फुंकर घातली आणि पट्टी गुंडाळली. कान काही उपटले नाहीत. नुसतं विचारलं, शेवटी का धावलीस? फ्यूजनं करंगळीचं सांगितलं. आत्यानं डोळे पुसले, मग तिलाच हसू फुटलं. म्हणाली, या मेलीचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा. थोडं पुढं गेल्यावर फ्यूजनं विचारलं, तो चुकीचा आहे आणि काकांना लागलं, मग त्याला लागणं चूक कसं?  आत्यानं दोनदा गिअर बदलला. शेवटी म्हणाली, "मला एवढंच येतं बघ, की माझ्या हातून जे जाईल ते चावता कामा नये. मागच्या वेळी तेच चुकलं." फ्यूजला ते पूर्ण पटलं नाही. तिनं ते तसंच बोटासारखं धरून ठेवलं, फोडाला धक्का न लावता.

टिकटिकच्या दारात टेंपो थांबला तेव्हा फ्यूज एकटीच उतरली; टिकटिक पायरीवर होती आणि दारालगत काका, उजव्या डोळ्यावर पट्टी, टेबलाशी बसून भिंग डाव्या डोळ्यात बसवायची सवय करत होते. डावा डोळा काही ते धरेना, टपकन खाली पडायचं, आणि काका त्याला मास्तरांसारखे रागवायचे. फ्यूजचं बोट बघून म्हणाले, वा, आता पट्टीवाले आपण दोघं झालो. फ्यूजनं सगळं सांगितलं, पायरीवर टिकटिकशेजारी न बसता, उभ्यानंच.  मग काकांनी भिंग पुसलं आणि ते म्हणाले, बरं झालं बाई, तुला काही झालं असतं तर या डोळ्यानं मी ते कसं बघितलं असतं.

टिकटिक मात्र खाली बघत होती.

"मी असते तर थांबवलं नसतं," ती म्हणाली.

"माहितीय," फ्यूज म्हणाली. तिला रडू येत होतं. "मलाही थांबवायचं नव्हतं."

तेवढ्यात बाहेर टेंपोचं दार वाजलं आणि आत्याचा आवाज आला, माईक नाही, स्पीकर नाही, नुसता तोंडानं, "जेवलात का?"

काकांनी टिकटिककडे बघितलं. टिकटिकनं नाक पुसलं. बाहेर आत्या पुन्हा विचारायच्या बेतात असावी.

"नाही अजून," टिकटिक ओरडली, आणि पायरीवर फ्यूजसाठी जागा करत जराशी सरकली.